दादाने वेचून पाठवलेली तूर

शुक्रवार, संकष्टी

माहेरून एसटीने तूर आली, चार किलो. पार्सलचे साठ रुपये. दरवर्षी गोणी येते, म्हणून मी मेली फोनवर दादाला बोलले, "यंदा बहिणीला विसरलास वाटतं!" तो नुसता हसला. वहिनीने फोन घेतला.

"वन्सं, अळीनं शेंगा पोखरल्या. चांगले दाणे वेचून तुम्हाला धाडले. आम्ही किडकी भरडतो."

"आणि पेरायला?"

"चुलीवर दूध आहे" म्हणत तिने फोन ठेवला.

खरंच, एकही दाणा किडका नाही. बियाणंच पाठवलं की काय? जपाला बसले तरी डोळ्यांपुढे तेच स्वच्छ दाणे. पण माहेरचं आलेलं कुणी परत करतं का?

गणपतीपुढे मूठभर ठेवली. बाकीची उद्या धाडते. चिठ्ठीत लिहिलंय, "दादा, राग मानू नकोस. हीच पेर. पेरणार ना, ते उलट टपाली कळव."