टेबलावर दोन ठोके

२१ एप्रिल, मंगळवार

एक शब्दही नाही! कुजबुज नाही, खाकरणं नाही, फोनवर नुसतं ‘हं’सुद्धा नाही. डॉक्टर लिंडहोर्स्ट बाईंनी बोट नाचवत बजावलं, दुसरीतल्या मुलीला बजावावं तसं. ‘‘कुजबुज तर सगळ्यात वाईट. जखम स्वरतंतूला आहे, गुडघ्याला नाही.’’ काल गाठीचा तुकडा काढला. निकाल पुढच्या बुधवारी. गाठ साधी निघाली तर मौनामुळे आवाज वाचेल. साधी नसली तर — तर बघू, म्हणाल्या.

मौन, आणि मी! कामगार संघटनेनं मला उभ्या आयुष्यात जे काही दिलं ते या तोंडासाठी. हिवाळ्यापासून घसा बसलेला, तरी मी आपली बोलतेच आहे.

घरी जाण्यात अर्थ नाही. आईला ऐकू येत नाही. तिच्याशी बोलायचं म्हणजे बोंब मारायची. मी गप्प बसले तर ती डॉक्टर बोलावील. मावसबहिणीला तिच्याजवळ ठेवलंय आणि मी इथेच, एसेनमध्ये, स्टेशनामागच्या स्वस्त हॉटेलात. खिडकीतून बंद पडलेल्या मोठ्या दुकानाची मागची भिंत. रुंद पलंग, पण पांघरुणं दोन, अरुंद — दुसरं उगाच शेजारी पडलेलं. खाली ट्राम वळताना किंचाळते. तिला परवानगी आहे.

पहिली मे, कामगार दिन, दहा दिवसांवर. चौकातलं मुख्य भाषण माझं.

२२ एप्रिल, बुधवार

सकाळीच फजिती. नाश्त्याची खोली गच्च भरलेली. सगळे ‘मॉर्गन’ — सुप्रभात — म्हणत आत येतात, सगळे उलट ‘मॉर्गन’ म्हणतात. मी मुंडी हलवली. कोणाचं लक्ष नाही. ज्यांचं गेलं त्यांनी भुवया वर केल्या.

एक लांब टेबल अर्धं रिकामं होतं. ‘इथे कुणी बसलंय का?’ असं विचारल्याशिवाय कुणी परक्याच्या टेबलाला हात लावत नाही. मी विचारू कशी? बसले. पाठोपाठ कामाच्या विजारी घातलेले तिघे आले, ताटल्या हातात धरून माझ्या डोक्यावर उभे.

‘‘बाईसाहेबांनी जागा घेतली,’’ त्यातला लाल दाढीवाला म्हणाला.

‘‘विचारलंसुद्धा नाही,’’ पांढऱ्या केसांचा म्हणाला.

‘‘पश्चिम जर्मनीतली असणार. त्यांना विचारायची सवय नाही.’’

हॉस्पिटलचं कार्ड पुढे केलं — ‘मला बोलण्यास मनाई आहे.’ पांढऱ्या केसांच्यानं चष्मा काढून वाचलं, पुन्हा घातला. ‘‘बिचारीला आवाजच नाही, सिल्वियो. बस गुमान.’’ मग माझ्याकडे वळून, तोंड मोठ्ठं उघडून, एकेक अक्षर सुटं करत — ‘‘ब — सा! का — ही — ह — र — क — त — ना — ही!’’

मला ऐकू येतं, असं कागदावर लिहून दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि आणखी मोठ्यानं बोलायला लागला.

२३ एप्रिल, गुरुवार

युक्ती सापडली. आमच्या गावच्या दारूच्या गुत्त्यात उशिरा आलेला माणूस प्रत्येकाचा हात हातात घेत बसत नाही. टेबलावर मुठीनं दोनदा ठोकतो, झाला सगळ्यांना नमस्कार. आज मी तेच केलं. टक टक.

तिघांनी वर पाहिलं. पांढऱ्या केसांच्यानं — हायको त्याचं नाव — ठोकलं. टक टक. लाल दाढीनं, सिल्वियोनं, ठोकलं. तिसऱ्यानं, मिर्कोनं, कानातली वायर न काढता ठोकलं. लोण्याचा डबा माझ्याकडे सरकला.

तिघे लिफ्टचे फिटर, पूर्वेकडच्या सॅक्सनीतले. चौकातल्या उंच इमारतीतल्या जुन्या लिफ्टा काढून नव्या बसवतायत, काम उन्हाळाभर चालणार. सोमवारी येतात, शुक्रवारी जातात. मिर्को मालकाचा जावई आहे, म्हणून त्याच्यासमोर बाकीचे दोघे मालकाला शिव्या जरा बेतानं देतात. फार बेतानं नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज मला वेड लागायची पाळी आली.

सिल्वियोला काल संध्याकाळी मालकाचा फोन — शनिवार-रविवार दुसऱ्या गावात काम, घरी जायचं नाही. मुलीची पोहण्याच्या पहिल्या बिल्ल्याची परीक्षा होती उद्या.

‘‘मग नाही म्हण,’’ हायको.

‘‘तू म्हणालास कधी?’’

‘‘मला दोन वर्षं राहिलीत. मी कशाला म्हणू?’’

‘‘हेच. प्रत्येकाला काहीतरी राहिलेलंच असतं.’’ मग पावावर सॉसेज थापत म्हणतो, ‘‘आणि ते संघटनावाले! एक मेला मंचावर चढायचं, आवाज चढवायचा, फुलं घ्यायची, घरी जायचं. त्यांच्या बोलण्यानं कुणाची एक सुट्टी वाचली का? एक दाखव!’’

एक? एक? आठ तासांचा दिवस कुणी आणला — आभाळातून पडला? तुझी पगारी रजा मालकाच्या मायेतून पाझरली? या शहराखालच्या खाणीत माणसं गाडली गेली, वर त्यांच्या बायका फाटकाशी उभ्या राहून *बोलल्या*, म्हणून दिवा, दोर आणि डॉक्टर आले! तुमच्या कंपनीत कामगार मंडळ का नाही, तुम्ही निवडलेलं, मालकाला जाब विचारणारं? पाच माणसं असली की कायदा हक्क देतो. निवडणुकीची सभा बोलवायला फक्त तिघं लागतात. तिघं! तीन माणसं एकाच टेबलावर बसून अंडी सोलतायत आणि मला म्हणतात, एक दाखव!

हे सगळं घशात. खरंच घशात — दुखायला लागला, न बोलता.

शेवटी कागदावर लिहिलं: कामगार मंडळाची सभा बोलवायला तिघं पुरतात. कायदा आहे. सिल्वियोनं वाचलं. ‘‘कागदावर सगळंच सोपं असतं, बाई.’’ कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि वाकून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल हलवून पाहिलं. ‘‘चला, काहीतरी उपयोग झाला.’’

हायको इतका हसला की कॉफी नाकात गेली.

जाताना त्याच सिल्वियोनं दोन पाव कागदी रुमालात गुंडाळून माझ्या पर्समध्ये कोंबले. ‘‘दुपारी काय खाणार तुम्ही? मागता तर येत नाही.’’ भिंतीवर पाटी आहे — खाद्यपदार्थ बाहेर नेऊ नयेत. नाश्ता बघणाऱ्या ब्रोनिकोव्स्की बाई नेमक्या तेव्हा खिडकीतून हवा बघत होत्या.

२५ एप्रिल, शनिवार

आन्सगार आला. जिल्हा शाखेचा सचिव, स्वभावानं चांगला, धीर अजिबात नाही. खाली स्वागतकक्षात बसून घशाच्या गोळ्यांचा डबा काढला, भित्तिपत्रकाचा नमुना काढला. माझा फोटो, दहा वर्षांपूर्वीचा.

‘‘दहा मिनिटं, रोस्विता. ध्वनिक्षेपक आहे ना! तू नुसती हलकेच बोल.’’

मी लिहिलं: हलकेच बोलणं जास्त वाईट.

‘‘मग ओरड!’’

मी लिहिलं: निकाल बुधवारी.

‘‘पण मला सोमवारी छपाईला द्यायचंय गं. तू नाही म्हणालीस तर कोण? बँक संघटनेतला तो? लोक सॉसेजच्या गाडीकडे पळतील. निदान मला कानात सांग, हो की नाही.’’ आणि खरोखर कान पुढे केला! केसाळ, गुलाबी. मी त्या कानाकडे बघत राहिले. एक शब्द म्हणजे काय होणार आहे? एकच.

दाराकडे बोट दाखवलं. गोळ्या ठेवून गेला.

२६ एप्रिल, रविवार

घंटा, ट्राम, पाऊस. तीन पुस्तकं संपवली. शांततेची थोरवी गाणारे सगळे लेखक भलतेच बडबडे!

२७ एप्रिल, सोमवार

सरळ विचार करते. निकाल चांगला असेल, तर मौन पुढेही लागेल आणि एक मे बुडेल, पण आवाज राहील. वाईट असेल, तर आवाज जाणारच, मग हे मौन फुकट गेलं — आणि एक मे मात्र माझी. म्हणजे चौकात बोलायचं असेल तर मी वाईट निकाल मागायचा!

मी तो मागत नाही. इथे स्पष्ट लिहून ठेवते. मला घाबरायला झालंय.

२८ एप्रिल, मंगळवार

टक टक. टक टक.

सिल्वियोची मुलगी पास झाली, बिल्ला मिळाला. त्यानं फोनवर पाहिलं. मला दाखवलं — पाण्याबाहेर आलेलं डोकं, टोपी वाकडी. ‘‘बघा, बाई. मी तिथे नाही म्हणून आई रडते, आणि आई रडते म्हणून ती हसत नाहीये.’’ मिर्कोनं कानातली वायर काढली, फोटो पाहिला आणि पुन्हा घातली.

हल्ली तिघेही मला सांगतात. जो उलट बोलत नाही त्याला माणसं सांगतात. हायकोला निवृत्तीची भीती वाटते — ‘‘बायको म्हणते घरी बसून माझं डोकं खाशील.’’ सिल्वियो रोज एकदा संघटनेला शिवी घालतो आणि नंतर जॅमचं झाकण मला उघडून देतो. तो चुकतोय. पाव आणून दिला म्हणून चूक बरोबर होत नाही. रोज रात्री त्याला द्यायचं उत्तर मनात जुळवते. आता त्याचं अख्खं व्याख्यान झालंय.

२९ एप्रिल, बुधवार

वाईट.

डॉक्टर बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या तेव्हाच कळलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. सात मे, गुरुवार. जगण्याची शक्यता चांगली, म्हणाल्या, आणि थापा मारणारी बाई नाही ती. नंतर काही महिन्यांनी बोलायला शिकवतात, गळ्यातल्या छोट्या नळीनं. ‘‘आवाज असेल. हा नसेल.’’

मी कागदावर लिहायला पेन उचललं, तर त्यांनी हळूच काढून घेतलं.

‘‘बोला, बाई. आता गप्प राहून काही वाचणार नाही.’’

आणि मला एक शब्द सुचेना!

संध्याकाळी आईला फोन. जोरात, खिडक्या लावून. निकाल नाही सांगितला, तो समोर बसून सांगेन. ती म्हणाली, ‘‘आज इतका छान ऐकू येतोय तुझा आवाज, पोरी. बरं झालं ना सगळं?’’

३० एप्रिल, गुरुवार

टक टक. बसले. अंडं फोडलं.

उद्या सुट्टी, म्हणून सगळे खुशीत. सिल्वियो म्हणाला, ‘‘उद्या चौकात बडबड ऐकायला आपण नाही हे बरं. एक दाखवा म्हणतो मी, एक तरी —’’

‘‘चूक!’’

ब्रोनिकोव्स्की बाईंच्या हातातला चिमटा पडला. मिर्कोनं दोन्ही कानांतून वायरी काढल्या.

‘‘अरे बाप रे,’’ हायको म्हणाला. ‘‘हिला आवाज आहे.’’

होता! घोगरा, फाटका, पण माझा. शुक्रवारपासून साठलेलं सगळं बाहेर काढलं — आठ तास, रजा, खाण, फाटकाशी उभ्या बायका. शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. ‘‘आणि तिघं, सिल्वियो! तिघं! तुझा शनिवार मालकाच्या फोनवर नाही, त्या टेबलाच्या पायाखाली आहे!’’

‘‘बाईसाहेब आठवडाभर नुसत्या ऐकत बसल्या,’’ हायको म्हणाला, ‘‘आणि आता वसुली!’’

‘‘थांब, थांब.’’ सिल्वियोचे कान दाढीसारखे लाल. ‘‘तुमचं भाषण छान आहे. पण तिघं कोण? हायको? त्याला दोन वर्षं राहिलीत. मिर्को? तो मालकाच्या घरी जेवतो! मी एकटा सही करणार आणि सोमवारी मला काढणार. तेव्हा तुम्ही कुठे असाल? पुढच्या चौकात!’’

‘‘पुढच्या गुरुवारी माझं स्वरयंत्र काढतायत. पुढचा चौक नाही.’’

ते असं सांगायचं नव्हतं मला. तोंडातून गेलं. ब्रोनिकोव्स्की बाईंनी न विचारता कॉफी ओतली, कपाबाहेर.

मग सिल्वियोनं खुर्ची पुढे ओढली. ‘‘बरं. मग भांड. गुरुवारपर्यंतच आहे ना? चल. काढायला आले मला तर काय करायचं, ते सांग.’’ ‘तू’वर तो कधी आला, माझ्या ध्यानातच आलं नाही.

सांगितलं — सभा बोलावणाऱ्याला असं सहज काढता येत नाही, कायदा त्याच्यामागे उभा असतो. त्याला पटलं नाही. म्हणाला, कायदा मागे उभा असतो आणि मालक पुढे. आम्ही ओरडलो. दोघंही. कामाला उशीर झाला त्यांना. सिल्वियो लिफ्टपाशी पोचला तरी बोलत होता, दार बंद होईपर्यंत. मी दारावर बोलत राहिले.

इतक्या वर्षांत असं भांडण झालं नव्हतं. किती बरं वाटलं!

१ मे, शुक्रवार

बोलले. पूर्ण वेळ, कागद न बघता. आन्सगार रडला. टाळ्या, बँड, फुलं. शेवटी शेवटी आवाज फाटत गेला आणि लोकांना वाटलं, भावनेनं.

उलट बोलायला कुणी नव्हतं. फुलं ब्रोनिकोव्स्की बाईंना दिली.

६ मे, बुधवार

आईला समोर बसून सांगितलं. तिनं माझ्या ओठांवर हात ठेवला. ‘‘मला तर तसंही ऐकू येत नाही,’’ म्हणाली.

उद्या.

१९ मे, मंगळवार

नाकात नळी, गळ्याला भोक, आवाज नाही. श्वास भलत्याच जागेवरून येतो, त्याची सवय होत नाही.

दुपारी पलंगाशेजारच्या टेबलावर कुणीतरी ठोकलं. टक टक. डोळे उघडले. लाल दाढी, कामाची विजार, हातात कागदी रुमालात गुंडाळलेला पाव. नळी पाहिली, ओशाळला, आणि पाव स्वतःच खायला लागला.

‘‘तुझं चूकच होतं,’’ म्हणाला तोंडात घास घेऊन. ‘‘सभेच्या कागदावर सही केली तर मालकानं लगेच फोन केला. दम दिला. कायदा मागेच उभा राहिला, म्हटलं नव्हतं मी?’’

मी बोटानं खुणावलं — पुढे?

‘‘मग हायको म्हणाला, मला दोनच वर्षं राहिलीत, मला काय करणार आहेत? आणि मिर्को —’’ त्यानं घास गिळला. ‘‘मालकाचा जावई! त्यानं कानातल्या वायरी काढल्या आणि म्हणाला, माझंही नाव घाल. सभा एकोणतीसला. नाश्त्याच्या खोलीत, त्याच टेबलावर.’’

मी टेबलावर ठोकलं. ठोकत राहिले — परिचारिका धावत येईपर्यंत.