डागलं की जागा सोडायची

देवळाली

अन्नपूर्णा, तुझ्या कडूबाचा खुशीचा रामराम. गुडघा कसा आहे?

आपली रुपाली तोफखान्यात अधिकारी! वर्दीत दिसली अन् मी बाप असून आधी सलाम ठोकला.

मी फौजेत होतो तेव्हा तोफ खड्ड्यात बसवली की तिथूनच डागायचो, अन् शत्रूचं उत्तरही तिथंच झेलायचो. ती म्हणे, "बाबा, आता उत्तर यायच्या आत तोफेसकट जागा सोडायची." शेतात पाखरांवर गोफण मारायची अन् लगेच दुसऱ्या मचाणावर, तसं हे!

तिले ऑफिसातलं काम मागायले लावा, असं तू बजावलं होतं. माझ्यानं सांगवलं नाही. निघताना एवढंच म्हटलं, "बाई, गोळा कुठं पडला ते पाहत थांबू नको."

हसून म्हणे, "थांबायचे तुम्ही, बाबा. मी नाही."

माझा जीव भांड्यात पडला. तुझाही पडू दे.

तुझाच,
कडूबा