समोरच्याच्या डोळ्यांची काळजी

सोमवार, २ फेब्रुवारी
बाबांना संध्याकाळी समोरच्या गाड्यांचा उजेड सहन होत नाही. म्हणून गाडी काकाला विकणार! मी म्हटलं, मी चालवतो, ताईला कामावरून मीच आणत जाईन. बाबा म्हणाले, मागच्या वेळी कुंपण कुणी पाडलं? खुलासा केला की दोष हेडलाईटचा होता, काजव्याएवढा उजेड. शेवटी ठरलं : नवे लाईट बसवायचे आणि रविवारपर्यंत समोरून येणाऱ्या एकाचीही तक्रार आली नाही तर किल्ली माझी. आली तर काकाची.
तक्रार येणारच नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
दुकानदार निळे, भगभगीत बल्ब गळ्यात मारत होता. म्हणाला, समोरचा बाजूलाच होतो. ठाम नकार दिला. याच गाडीचे, नियमातले घेतले. दुसऱ्याच्या डोळ्यांत उजेड खुपसून स्वतःची वाट शोधणारा माणूस मी नव्हे. (वाक्य चांगलं झालंय. कुठेतरी वापरणे.)

संध्याकाळी
गाडी भिंतीसमोर उभी केली. खडूने रेघ मारली. लो बीमचा वरचा काठ रेघेच्या खाली येईपर्यंत स्क्रू फिरवले. शेजारच्या आजींनी विचारलं, भिंतीला सिनेमा दाखवतोस का रे? दुर्लक्ष केलं. त्याआधी डिकी पूर्ण रिकामी केली होती. मागे वजन असलं की पुढचा उजेड वर जातो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी
पहिली फेरी. वाटेत स्क्रू ढिला झाला तर? खबरदारी म्हणून डिकीत हत्यारांची लोखंडी पेटी, जॅक आणि एक जुनी बॅटरी टाकली.
समोरच्या तिघांनी लाईटची उघडझाप केली. ताई म्हणाली, अरे, चिडलेत ते. समजावलं की चांगलं काम दिसलं की माणूस दाद देतो. ताईने कपाळावर हात मारून घेतला. पटलं असावं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
दाद वाढली. काहींनी हॉर्नही वाजवला. एकाने तर खिडकीतून डोकं काढून काहीतरी म्हटलं. नीट ऐकू आलं नाही. ताई म्हणाली, त्यात आपल्या आईचा उल्लेख होता. ओळखीचा असेल.
तरी जिवाला स्वस्थता नाही. डावा बल्ब किंचित वर तर नाही ना? घरी येऊन दोनदा उठलो, दोनदा रेघ पाहिली. जमीन मऊ असली तर जॅक रुतेल, म्हणून डिकीत दोन फरशाही ठेवल्या.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
ताई म्हणते, गाडी नाक वर करून चालते, अगदी तुझ्यासारखी. ते डिकीतलं भंगार काढ. म्हटलं, ते भंगार नाही, तयारी आहे.
उद्यापासून तिच्याशी गाडीविषयी बोलायचं नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी
ताईला आणायला निघालो. वळणावर समोरून एक सायकलवाला आला. त्याने हात वर केला. आशीर्वादासारखा वाटला. मीही हात केला. तो सरळ रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत शिरला.
उतरून पाहिलं. बाबा.
लागलं नाही. चार कुंड्या फुटल्या. अंगावरची माती झटकत बाबा एवढंच म्हणाले, माझी तक्रार आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी
किल्ली काकाकडे गेली. संध्याकाळी त्याने सगळ्यांना फिरायला नेलं. बाबा पुढे, मी आणि ताई मागे. समोरच्याने लाईटची उघडझाप केली. काकाने विचारलं, कोण रे हा? तुझ्या ओळखीचा? ताई माझ्याकडे बघत राहिली.
दोन गाड्यांपर्यंत तग धरला. मग काकाला थांबायला सांगितलं. पेटी, जॅक, बॅटरी, फरशा, सगळं रस्त्याकडेला उतरवलं. सामानाची राखण करायला मीही उतरलो. काका म्हणाला, परत येताना घेतो.
पेटीवर बसून पाहत राहिलो. गाडीचं नाक खाली आलं होतं. समोरून एक ट्रक आला आणि काहीही न करता निघून गेला.