पुनवेच्या कुर्ल्या

३ ऑक्टोबर, शुक्रवार
काल दसरा. गिरण आज उघडली, दळण कमीच. वैशालीचा बेळगावहून फोन. रविवारी येते म्हणाली, कुंभारवाड्याच्या वाटेवर नवी खेकड्यांची खानावळ निघालीय, झणझणीत उकडलेल्या कुर्ल्या मिळतात, सगळे जाऊ. लेक जेवायला नेतेय म्हणून मी खूश. तर शेवटी म्हणते, "अप्पा, त्यो पण येनार हाय."
तो म्हणजे तिच्या ऑफिसातला, खानापूरकडचा. सौ.ला सगळं आधीच ठाऊक. घरचा कर्ता मी, आणि कळतं शेवटी मला.
कॅलेंडर बघितलं. सोमवारी कोजागिरी. पुनवेला कुर्ली पोकळ, अमावस्येला भरलेली, हे पोरीला मीच शिकवलं होतं. विसरली. बोललो नाही. होऊ दे त्याची फजिती.

४ ऑक्टो., शनि.
सौ. म्हणते दाढी करा. त्याच्यासाठी दाढी? केली नाही.
संध्याकाळी केली.

५ ऑक्टो., रवि.
खरं ते लिहितो, इतक्या चवीच्या कुर्ल्या घराबाहेर कधी खाल्ल्या नव्हत्या. मोठ्या टोपातून थेट केळीच्या पानावर. मिरची, लसूण, तेफळ. दुसऱ्याच घासाला नाक वाहायला लागलं. सौ. तर पदरानं डोळे पुसत खात होती, थांबत नव्हती.
पण तो. आल्या आल्या वाकून नमस्कार, आणि "मामा, बसा की." मामा! काका म्हटला असता तर चाललं असतं. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. अजून कशात काय अन् फाटक्यात पाय.
वैशाली एवढीशी होती तेव्हापासून कुर्लीचा मोठा डेंगा, पुढची नांगी, मी दातानं फोडायचा आणि आतलं मास तिच्या भातात. नोकरीला लागली तरी तेच. आज मी डेंगा उचलतोय तोवर यानं आतून बत्ता मागून आणलेला. एक ठोका. मास अख्खं निघालं, तिच्या पानावर ठेवलं. डेंगा भरलेला! पुनवेच्या तोंडावर! तिनं खाल्लं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
कुर्लीला बत्ता लागतो होय? म्हटलं, "आमच्यात दातानं फोडत्यात." आणि दाखवायला गेलो.
कट्. वाटलं डेंगा फुटला. दाढ होती.
पाणी त्यानंच आणून दिलं. मग माझा डेंगा बत्त्यानं फोडला. "ह्यो पोकळ हाय, मामा." हसला नाही. हसला असता तर भांडायला तरी आलं असतं.
वैशालीनं गुपचूप दुसरा फोडला, कवचाचे कण वेचले, मास माझ्या भातात कालवलं. मग त्याला दिलं. आधी मला. बघितलं मी.

६ ऑक्टो., सोम.
जीभ सारखी मोडक्या दाढेकडे. सौ.ला म्हटलं, "आदी मला दिलं, बघितलीस न्हवं?"
"दाढ मोडली म्हनून दिलं."
या बाईला नवऱ्याचं सुख बघवत नाही.
मुलाकडचे तुळशीच्या लग्नाच्या दिवशी बोलणी करायला यायचं म्हणतात. सौ. मागे लागलीय, व्हय का न्हाई ते सांगा. कोजागिरीचं दूध प्यायलो. ते पण दाढेला लागलं.

९ ऑक्टो., गुरु.
दाढ काढली. वैशालीचा फोन. "त्यो पन तुमच्या दाढंचं इचारत होता." माझी दाढ, त्याला काय करायची?
"अप्पा, त्याला काय सांगू?"
तोंडातून गेलं, "अमावस्येला भरलेल्या कुर्ल्या खाऊ, मग सांगतो."
"अप्पा, त्या दिवशी लक्ष्मीपूजन. कुर्ल्या?"
"मग फुडच्या अमावस्येला."
"ती तुळशीच्या लग्नानंतर येती."
म्हणजे बोलण्यांचा दिवस हुकणार. मुद्दाम केलं नव्हतं, देवाशप्पथ. पण कळल्यावर बरं वाटलं. फोन ठेवताना तिचा आवाज बसल्यासारखा. मग बरं वाटलेलं पण टिकलं नाही. तिकडं रडली असेल तर बत्तेवाल्यानंच समजूत घातली असेल. ते पण सोसत नाही.

१२ ऑक्टो., रवि.
वैशाली एकटीच आली. संध्याकाळी तो गाडी घेऊन न्यायला येणार. सौ.नं बाजारातून कुर्ल्या आणलेल्या, आता पुनव उतरलीय. उकडल्या. जेवायला बसताना मीच म्हटलं, बत्ता दे. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. बघू देत.
मोठा डेंगा फोडला, वैशालीच्या भातात. भरलेला होता. "अप्पा, दातानं न्हाई?" म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी. मिरचीचं असेल.
जेवणं झाली. टोपात एक डेंगा उरला. सौ. मला वाढायला लागली. म्हटलं, "ऱ्हाऊ दे. झाकून ठेव."
"कुनाला?"
"संध्याकाळी कोन यायचं हाय?"
सौ. हसायलाच लागली. "म्हंजे व्हय म्हना की!"
म्हटलं, "ल्हान डेंगा हाय त्यो."