प्रमुख पाहुण्यांचा बूट

२ जानेवारी १९९२, गुरुवार
संकल्प तीन. बिनसाखरेचा चहा. रोज सकाळी ठाकुर्लीपर्यंत चालणे. आणि आमच्या साप्ताहिकात मधुमेही रुग्णांच्या हालांवर लेखमाला. चालण्यासाठी नवे कातडी बूट घेतले. किंचित घट्ट आहेत. चामड्यालाही विनय यायला वेळ लागतो.
धर्मादाय दवाखान्याच्या मधुमेह विभागात गेलो. तिथे माझ्या नावाचा केसपेपर आहे, पण तो वार्ताहराला आतून पाहता यावं म्हणून. चार वर्षं आतून पाहतो आहे. गोळ्याही अभ्यास म्हणूनच घेतो, आठवतील तेव्हा.
उपाशीपोटी रक्त सात वाजता. डॉक्टर साडेअकराला. रिपोर्ट शनिवारी, आणि विभाग फक्त गुरुवारी. म्हणजे डॉक्टर आपली साखर विझलेल्या ताऱ्याच्या प्रकाशासारखी पाहतात. वाक्य चांगलं आहे. लेखात घालणे.

९ जानेवारी, गुरुवार
उजव्या पायाच्या करंगळीला बूट चावला. फोड येऊन फुटला. अजिबात दुखत नाही. प्रकृती काटक असल्याचं लक्षण. शालन म्हणाली, अहो, आज जातच आहात तर डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, मी तिथे पाहायला जातो, दाखवायला नाही.
डॉक्टरांनी मला चाळीस सेकंद दिले. घड्याळ लावलं होतं. मान वर न करता लिहिलं: सी.टी. ऑल. म्हणजे चाललंय ते चालू द्या.
बाकावर शेजारी दगडाबाई. खाडीवरची, मासळी विकते, विभागात माझ्याइतकीच जुनी. म्हणाली, माज्या बहिनीचा पाय गेला रं भावा, पन हितं कंदी कुनी माजा पाय बगितला नाय. तिथल्या तिथे मथळा सुचला. फार आनंद झाला.

१७ जानेवारी, शुक्रवार
लेख आला. मथळा: ‘मधुमेह्यांचे पाय कोण पाहणार?’ संपादक आनंदराव खूश. शालनने पूर्ण वाचला. म्हणाली, तुमचा मी पाहिलाय. करंगळी काळी पडलीये. मी म्हटलं, बुटाचं पॉलिश आहे. ती म्हणाली, मग धुतल्यावर जात का नाही? बायकांना प्रश्न विचारायची फार सवय. आठवड्याभरात भरेल. हळद लावली आहे.

२० जानेवारी, सोमवार
दवाखान्याचं पत्र. आपल्या लेखाने आमचे डोळे उघडले. येत्या गुरुवारपासून प्रत्येक रुग्णाचे पाय तपासण्यात येतील. उद्घाटन आपल्या हस्ते. लेखणीची ताकद!
पत्र दुसऱ्यांदा वाचलं. दुसऱ्या वाचनात तितकं आवडलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार
आनंदरावांना कळवलं की उद्या टिटवाळ्याला महत्त्वाची बातमी आहे. ते म्हणाले, टिटवाळ्याला मी जातो. तुम्ही फोटोत पाहिजे. ताप आला म्हणावं, तर खरोखरच थोडा आलाय, आणि खरं कारण सांगायची मला सवय नाही.
पायाला वास येतो आहे. उद्या दोन मोजे घालणे. प्रमुख पाहुण्याला कोण बूट काढायला सांगतं?

२३ जानेवारी, गुरुवार
सरस्वती सिस्टर सांगते.
म्हणाली, सुरुवात पाहुण्यांपासूनच करू, म्हणजे बाकीचे लाजणार नाहीत. मी आधी दोन शब्द बोलतो म्हटलं. पंचवीस मिनिटं बोललो. डॉक्टरांची वेळ संपेल असा हिशेब होता, तर नेमके आजच डॉक्टर बसून राहिले. शेवटी दगडाबाई म्हणाली, बोलून झाला आसल तर बूट काड रं भावा, मना बाजारात जायचाय.
हॉल हसला. समोर डॉक्टर, मागे भिंत, दाराशी फोटोग्राफर. काढला.
दुसरा मोजा निघाल्यावर कोणी हसेना. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. मी सिस्टरला म्हटलं, टाचणी टोचाल तेव्हा सांगा हं, म्हणजे मी दुखतं की नाही ते सांगतो. ती हळूच म्हणाली, काका, चार वेळा टोचून झालं.
घरी सोडलं नाही. खाट क्रमांक नऊ.

२५ जानेवारी, शनिवार
सर्जन म्हणाले, पंधरा दिवसांपूर्वी आला असतात तर नुसत्या ड्रेसिंगवर भागलं असतं. मी म्हटलं, आलो होतो. ते म्हणाले, मग दाखवलं का नाही? मी म्हटलं, विचारलं का नाही? शालन दोघांकडे पाहत होती. सोमवारी करंगळी काढणार. घाई केली नाही तर पाय जाईल म्हणतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार
करंगळी गेली. पाय राहिला. दिवसातून दोनदा ड्रेसिंग, चार वेळा साखर, सिस्टर समोर उभी राहून गोळी गिळायला लावते. चहा फिका. सेवेत खोट काढायला जागाच नाही. वार्ताहराची इतकी कोंडी कोणी केली नसेल. कधी सोडणार विचारलं, तर जखम सांगेल म्हणतात.
दगडाबाई तपासणी करून भेटायला आली. तिचे पाय ठणठणीत. म्हणाली, तुज्यामुलं बगितलं रं माजं. डोळे पुसत गेली.
सिस्टर म्हणाली, काका, आता बूट सैल घ्यायचे, आणि रिकाम्या जागेत कापूस भरायचा. मला आठवलं, शाळेत आम्हाला संस्कृतच्या तासाला शिकवलं होतं, श्लोकाच्या चरणात एखादं अक्षर कमी पडलं की कवी तिथे ‘च’, ‘वै’, ‘तु’, ‘हि’ असं काहीतरी बिनअर्थाचं घालतो. त्याला पादपूरण म्हणतात.