टेडीचं नाव यादीत नाही

ओटर ब्रँच, केंटकी
१२ नोव्हेंबर

प्रिय ग्लेना,

तू आणि कार्ल खुशाल असाल. तुमच्या तळघरातल्या खोलीत पाणी पाझरायचं, ते थांबलं का? आता कोणी झोपू शकेल इतपत कोरडी असेल ना? सहज विचारलं.

इकडचं बरं म्हणायचं. परवा सकाळी दव गोठून गवत पांढरं झालं. मी चालवते ती शाळेची बस चालू व्हायला कुरकुरते, माझे गुडघेही. चर्चच्या बायकांनी सफरचंदाचा मुरंबा केला, तुझ्या बरण्या काढून ठेवल्यात. तू फोन उचलत नाहीस आणि तुझी निरोपांची पेटी भरलेली आहे, असं एक बाई मला रोज गोड आवाजात सांगते. म्हणून पत्र.

आईचा सकाळचा नेम तुला माहीत आहे. गेल्या थँक्सगिव्हिंगला तू त्याला हसली होतीस. कॉफी झाली की मी फोनवर काउंटीच्या तुरुंगाची यादी उघडायची आणि सगळी नावं मोठ्याने वाचायची. आई प्रत्येकासाठी देवाला दोन शब्द सांगते, ज्यांनी आपल्या गोठ्याचं कुलूप फोडलं त्यांच्यासाठीसुद्धा. टेडीचं नाव आलं की म्हणते, "चला, पोराला न्याहारी मिळाली." मग स्वतः घास घेते. तू म्हणालीस, आपला भाऊ आत आहे म्हणून देवाचे आभार मानणारं हे जगातलं एकमेव घर असेल. एकमेव नाही गं. या डोंगरात अशी घरं पुष्कळ झालीत. आत असलेला माणूस निदान नशेच्या गोळ्या खाऊन कुठल्या पेट्रोल पंपामागे पडलेला नसतो.

तर टेडी बंद खाणीतली तांब्याची तार चोरताना पुन्हा सापडला. यादीत आला, आई जेवायला लागली, अंगावर जरा मांसही चढलं. आणि एका सकाळी यादीत तो नाही.

आता या यादीची गंमत ऐक. माणूस आत असेपर्यंत त्याचा फोटो, वय, गुन्हा, जामीन, सगळं जगासमोर टांगलेलं. बाहेर पडला किंवा दुसरीकडे हलवला, की पाटी कोरी. सुटला की पाठवला की मेला, काही नाही. आपला तुरुंग भरला की ते माणसं शेजारच्या काउंट्यांत पाठवतात, म्हणून मी शेजारच्या याद्या धुंडाळायला बसले. एक काउंटी फक्त ताज्या अटका दाखवते, जुन्यांशी त्यांचं देणंघेणं नाही. दुसरी यादीचा फोटो काढून टाकते, तोही आडवा. मान वाकडी करून वाचला. तिसरीकडे यादीच नाही. तिथल्या जेलरच्या बायकोनं फोन घेतला आणि म्हणाली, लेखी अर्ज करा, मंगळवारी बघू. कुठला मंगळवार, ते नाही सांगितलं.

मग ती इंटरनेटवरची, अटकेच्या नोंदी शोधून देणारी दुकानं. टेडीचं पूर्ण नाव, थिओडोर स्टॅम्पर, टाकलं की चक्र गरागरा फिरतं, "धक्कादायक माहिती सापडली, मन घट्ट करा" असं लिहून येतं, आणि मन घट्ट केलं की कार्डाचा नंबर मागतात. वैतागून तोही दिला. एक थिओडोर स्टॅम्पर सापडला. वय एकाहत्तर, शेजाऱ्याच्या टीव्हीच्या तबकडीवर बंदूक झाडली म्हणून आत. कुठल्याशा म्हाताऱ्याची बातमी म्हणून आईला सांगितली, तिनं त्याच्यासाठीही प्रार्थना केली. माझं कार्ड अजून त्यांच्याकडे आहे आणि ते मला रोज नवा थिओडोर पाठवतात.

तू म्हणशील, आपल्याच तुरुंगाच्या खिडकीवर जाऊन का नाही विचारलं? अगं, तू इथलीच आहेस. कुणाची गाडी कुठे उभी आहे यावरून हे गाव वर्तमानपत्र वाचतं. माझी गाडी तुरुंगासमोर दिसली असती तर दुपारपर्यंत चर्चमधल्या दोघीजणी माझ्या घरी मक्याची भाकरी पोचवायला निघाल्या असत्या. म्हणून काखेत कळसा नि गावाला वळसा. अख्ख्या राज्याला फोन केले, कोपऱ्यावरच्या खिडकीवर गेले नाही.

शेवटी गेले. गाडी गुरांच्या खाद्याच्या दुकानामागे लावली. खिडकीत कीनन होता, ओटिसचा मुलगा. शाळेत असताना माझ्या बसमध्ये ओकायचा तो. आता कमरेला पट्टा आहे.

"मिस नडीन, इतके दिवस आला का नाहीत?"

"फोन केले की, बाबा."

"फोनवर आम्ही काही सांगत नाही."

"मग तो ठेवलाय कशाला?"

"पिझ्झा मागवायला," म्हणाला. मग माझं तोंड बघून खाली बघायला लागला. "टेडी सुटून गेला. तुमची बहीण आली होती न्यायला. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत."

"माझी बहीण त्याचं नावसुद्धा घेत नाही."

"नाव नाहीच घेतलं त्यांनी. 'त्याला न्यायला आलेय' एवढंच म्हणाल्या. ओहायोच्या नंबरची गाडी, दुकानामागे लावली होती, तुम्ही लावलीत तिथेच. त्याच्यासाठी बूट आणले होते. बरोबर बसले."

ग्लेना, मी त्या दुकानामागे गाडीत बसून किती वेळ शिव्या घातल्या, तुला सांगत नाही. माझ्या घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं भरल्या ताटावर म्हणणारी तू. ओहायोतल्या डेटनहून एवढी गाडी हाकत आलीस, त्याच्या पायाचं माप लक्षात ठेवून आलीस, आणि आईच्या दारावरून तशीच निघून गेलीस? दार वाजवलं असतंस तर आम्ही तुला हसलो असतो, हीच भीती ना? हसले असते मी. हक्क आहे माझा.

तू त्याला नेलंस याचा मला राग नाही. इथे राहिला असता तर ती जुनी टोळी संध्याकाळच्या आत अंगणात आली असती, हे मलाही कळतं. आनंदच झाला. इतका झाला की रडू आलं, आणि रडू आल्याचा पुन्हा राग आला. पण एक शब्द कळवायचास. इथे एक म्हातारी आहे.

तिला मी खरं सांगितलं नव्हतं. नाव यादीतून गेलं त्या दिवशीही ते असल्यासारखं मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशीही. रोज त्याच्या जागी, रॉबर्ट स्पेन्सर आणि ती चेक चोरणारी टॅकेट यांच्या मध्ये, "थिओडोर स्टॅम्पर" घालत गेले. आई "चला, न्याहारी मिळाली" म्हणायची, पण बशी तशीच परत यायची. मी म्हटलं, वय झालं.

खिडकीवरून परतले तेव्हा तिला सांगायला बसले, की तो सुटलाय, ग्लेनाकडे आहे. ती म्हणाली, "नडीन, तो गेलाय. मला केव्हाच कळलंय."

मी विचारलं, कसं?

"त्याचं नाव खरंच असतं तेव्हा तू आधी वैतागून सुस्कारा टाकतेस. वर्षानुवर्षं टाकतेस. हल्ली नुसतं नाव वाचतेस."

मी शपथ घेतली, कीननचं नाव घेतलं, बुटांचं सांगितलं. तिनं माझा हात थोपटला, जसा मयताच्या घरी थोपटतात, आणि भिंतीकडे तोंड केलं. ग्लेना त्याला न्यायला येईल, यावर तिचा विश्वासच बसत नाही. ही तुझी कमाई आहे, माझी नाही. कालपासून पाणीसुद्धा चमच्यानं घेते. डॉक्टर घरी येऊन गेले. काय म्हणाले, ते लिहीत नाही.

म्हणून पत्र मिळताच तळघरात जा, त्याला उठवायचं, आणि फोन लावून द्यायचा. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. त्यानं काहीही बोलावं, पैसे मागितले तरी चालेल. फोन आधी मीच घेईन. त्याचा आवाज ऐकला की मला तो सुस्कारा आपोआप येईल. तो आई ऐकेल, आणि मग मी फोन तिच्या कानाला लावीन.

उशीर करू नकोस.

तुझीच, तुझ्यावर भयंकर चिडलेली,
नडीन