कुठेही चालेल

४ ऑगस्ट, सोमवार
मिळाली नोकरी! दुबईत, अल मनखूलमधलं छोटं ऑफिस आहे. जपानमधल्या शाळांना इथून इंग्रजीचे शिक्षक पाठवतात. मालक चंद्रशेखर सर भारी बोलके. मिल्ड्रेड, वसईवाले म्हणजे एकदम सॉलिड वर्कर, असं म्हणत त्यांनी कराक चहा पाजला. मी गोड हसले. आडनाव सासरचं, त्यामुळे टेसा माझी धाकटी बहीण होती हे त्यांना कळायचं कारण नाही. तीन वर्षांपूर्वी तिला इथूनच उत्तरेकडच्या एका बेटावर पाठवलं. दम्याची पोर. हॉस्पिटल बोटीनं चार तासांवर. पहिल्याच हिवाळ्यात गेली. तिला तिथे कुणी धाडलं ते शोधून त्याला रडवायचं, एवढ्यासाठीच मी या ऑफिसात आले आहे.

६ ऑगस्ट
कामाची रीत कळली. फॉर्मवर पसंतीची तीन ठिकाणं लिहायची. सगळ्यांना तोक्यो नाहीतर ओसाका हवं. बेटाला मात्र दर बॅचला एक शिक्षक द्यावाच लागतो, नाहीतर कंत्राट खलास. म्हणून मुलाखतीत जो भिडेखातर 'कुठेही चालेल' म्हणतो, त्याच्या गळ्यात सर बेट मारतात. आपल्या लोकांना नको म्हणताच येत नाही, असं हसत हसत सांगत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

११ ऑगस्ट
जेजू पावला! सरांच्या मुलीचा, शर्वाणीचाच फॉर्म आलाय. तिला ओसाका हवंय. अंतिम यादी मी भरते आणि सर न वाचता सही करतात. शर्वाणीपुढे मी बेट टाकलं. कळू दे बापालाही.
बाहेर पंचेचाळीस डिग्री, पण माझ्या टेबलाशी हुडहुडी भरते. एसी बंद करायला लावला. शेजारचा सुदेश घामानं निथळतोय आणि माझे दात वाजतायत.

१३ ऑगस्ट
यादी बदललीय. शर्वाणीपुढे ओसाका. बेटापुढे माझं नाव. पुसलं, परत आलं. तीनदा. सुदेश म्हणतो, फाइल दुसऱ्या कुणी उघडलेलीच नाही.
मागे कुणीतरी खोकतंय. छातीतली ती शिट्टी मी ओळखते. टेसा, माझ्यावर का गं? मी तर तुझ्यासाठीच—

१४ ऑगस्ट
तिचा फॉर्म सापडला. तीन शहरं, तिन्ही हॉस्पिटलजवळची. तिनंच काट मारलीय. खाली 'कुठेही चालेल'.
मुलाखतीला आत जाण्याआधी इथूनच तिचा फोन आला होता. दम्याचं बोलू नकोस, नखरे करू नकोस, कुठेही चालेल म्हण— हे मीच सांगितलं होतं. तेव्हा शारजात एका खोलीत टेसा धरून आम्ही चौघं. तिचा खोकला मला सोसवत नव्हता. एकदाची जाऊ दे, असं झालं होतं मला.

१५ ऑगस्ट
सरांनी न वाचताच यादीवर सही केली. भर दुपार. ऑफिसात कुणी नाही— दार उघडत नाही—
केसांत बर्फ आहे तिच्या. शेजारी बसून ही डायरी वाचतेय.
लिहिते, सगळं लिहिते. चूक सरांची. फॉर्म त्यांचा, बेट त्यांचं, मी नुसती—
बोटं निळी पडली. खोडायला लावतेय. श्वास पुरत नाही— बरं. बरं, टेसा. चूक मा